टीडीएस शून्य, कर अठ्ठ्याहत्तर हजार: पगारदाराचा हिशेब कोणत्या सॉफ्टवेअरमध्ये आणि कसा ठेवायचा?

झिरो_माईल | २७ डिसेंबर २०२५

मंडळी, डिसेंबर संपत आला. आपल्या नागपुरात मिहानपासून बुटीबोरीपर्यंत बहुतेक कंपन्यांत पेरोलवाल्यांचे गुंतवणुकीचे प्रूफ मागणारे मेल येऊन पडले असतील. जानेवारी ते मार्च या तीन पगारांत टीडीएस, म्हणजे पगारातून आधीच कापला जाणारा कर, वाढेल आणि मग डबा खाताना एकच विषय निघेल, "तुझे किती कापले?" म्हणून धागा आत्ताच काढते आहे. अजून तीन पगार हातात आहेत, तोवर बरंच काही दुरुस्त करता येतं.

आपण पगार म्हणजे बँकेत जमा झालेली रक्कम धरतो आणि ॲपमध्येही तेवढीच लिहितो. किराण्याला किती गेले, पेट्रोलला किती गेले हे मग रंगीत चकत्यांत छान दिसतं. पण वर्षाचा कर किती, त्यातला भरला किती, उरला किती, हे कुठल्याच स्क्रीनवर येत नाही, कारण आपण ते लिहिलेलंच नसतं. कापलेला टीडीएस हा कंपनीचा अंदाज असतो. तिच्यापुढे जेवढी माहिती आहे तेवढ्यावर तो केलेला असतो. उरलेली माहिती आपल्याजवळ असते.

माझ्या दिराचं उदाहरण देते, त्याला विचारूनच लिहिते आहे. एप्रिल ते सप्टेंबर त्याला महिन्याला १,००,००० होते. ऑक्टोबरपासून दुसऱ्या कंपनीत १,३०,०००. दोन्हीकडे टीडीएस शून्य. पहिल्या कंपनीनं एप्रिलमध्ये वर्षाचे १२ लाख धरले, ७५,००० ची प्रमाणित वजावट दिली, उरले ११,२५,०००. नव्या कर प्रणालीत १२ लाखांपर्यंत कलम ८७ए ची सूट, म्हणून कर नाही. दुसरीनं फक्त आपले सहा महिने पाहिले, ७,८०,००० वजा ७५,०००. तिथंही कर नाही. दोन्ही कंपन्यांचं गणित आपापल्या जागी बरोबर आहे.

पण माणूस एक आणि वर्षही एक. एकूण पगार १३,८०,०००. प्रमाणित वजावट एकदाच मिळते, म्हणजे करपात्र १३,०५,०००. इथं ८७ए ची सूट संपली. ४ ते ८ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००. ८ ते १२ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,०००. वरच्या १,०५,००० वर १५ टक्क्यांनी १५,७५०. बेरीज ७५,७५०, त्यावर ४ टक्के उपकर ३,०३०. एकूण ७८,७८० रुपये कर, आणि आजच्या तारखेला भरलेला एक रुपयाही नाही.

हा आकडा सहा महिने आधी दिसेल अशी हिशेबवही मला हवी आहे. कोण काय वापरतं, आणि पगाराची नोंद नेमकी कशी करता, ते सविस्तर लिहा.


बर्डीवरचा_सीए | २७ डिसेंबर

झिरो_माईल ताई, आकडे बरोबर आहेत, मी पडताळले. दिराला सांगा, उद्याच फॉर्म १२बी भरून नव्या कंपनीच्या पेरोलला द्यावा. त्यात आधीच्या कंपनीतला पगार आणि तिथं कापलेला कर लिहितात. मग नवी कंपनी दोन्ही पगार एकत्र धरून उरलेल्या महिन्यांत कर कापते. रुजू होतानाच दिला असता तर महिन्याला १३,१३० कापले गेले असते. आता जानेवारीपासून तीनच पगार उरले, म्हणजे महिन्याला २६,२६०. जड आहे, पण पर्यायापेक्षा बरं आहे.

पर्याय म्हणजे १५ मार्चच्या आत स्वतः आगाऊ कर भरणं. त्यात जूनचा १५ टक्के, सप्टेंबरचा ४५ आणि डिसेंबरचा ७५ टक्के हे टप्पे चुकलेले असल्यामुळे २३४सी चं व्याज लागेल. तेही केलं नाही आणि जुलैत रिटर्न भरताना पाहू म्हटलं, तर १ एप्रिलपासून २३४बी चं दरमहा १ टक्का सुरू. मात्र पूर्ण रक्कम मार्चच्या पगारापर्यंत टीडीएसमधूनच गेली तर ही दोन्ही व्याजं लागत नाहीत. लोकांना हे माहीत नसतं.

मी क्रमांक १९६१ च्या कायद्यातले देतो आहे. १ एप्रिल २०२६ पासून आयकर अधिनियम २०२५ लागू होतो आहे, तेव्हा कलमांचे आकडे बदलतील. चालू वर्षाला जुनेच.


मिहान_शिफ्ट | २७ डिसेंबर

१२बी दिला की नव्या एचआरला जुना पगार कळतो ना भाऊ. माझ्या टीममध्ये बरेच जण त्याच्यासाठीच देऊन नाही राहिले.


बर्डीवरचा_सीए | २८ डिसेंबर

रुजू होताना बहुतेक कंपन्या मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा घेतातच, मग लपवण्यासारखं फार उरत नाही. तरीही द्यायचा नसेल तर सक्ती नाही. पण मग आगाऊ कराचे चारही टप्पे तुम्हाला सांभाळायचे आहेत, हे ध्यानात असू द्या. रिटर्न भरताना दोन्ही फॉर्म १६ एकत्र येणारच.


अंबाझरी | २८ डिसेंबर

माझ्या आवडीचा विषय. मी वर्षानुवर्षं ग्नूकॅश वापरतो आहे. फुकट आहे, खुल्या स्रोताचं आहे, आणि सगळी माहिती आपल्याच संगणकावर एका फाइलमध्ये राहते. मुख्य म्हणजे ते दुहेरी नोंदीवर चालतं. प्रत्येक पैसा कुठून तरी निघतो आणि कुठं तरी पोचतो, दोन्ही टोकं लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

पगार असा लिहितो. दिराचेच आकडे घेऊ, पीएफ ७,८०० धरू. उत्पन्न १,३०,०००. त्याचे चार फाटे: पीएफ खात्यात ७,८००, व्यवसाय कर २००, टीडीएस १३,१३०, बँकेत १,०८,८७०. बेरीज पुन्हा १,३०,०००. एकदा ही नोंद साचा म्हणून ठेवली की दर महिन्याला ती आपोआप पुढे येते, आपण फक्त स्लिपशी ताडून पाहायची. पीएफचं खातं मालमत्तेत आहे, त्यामुळे बचत किती झाली हेही त्याच नोंदीत कळतं. बँकेत आलेली रक्कमच लिहिणाऱ्याला आपली निम्मी बचत दिसत नाही, असं मला नेहमी वाटतं.

आता खरी गंमत टीडीएसच्या खात्यात आहे. बहुतेक लोक तो खर्चात टाकतात. मी मालमत्तेत टाकतो, खात्याचं नाव 'सरकारकडे जमा'. कारण वर्ष संपून रिटर्न भरेपर्यंत तो पैसा माझ्या नावावर तिथं पडून आहे. त्याच्या समोर देण्यांत दुसरं खातं, 'या वर्षाचा कर'. दर तिमाहीला वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज काढून आजवरचा कर त्यात लिहितो. दोन्ही शेजारी ठेवले की कमी भरतो आहे का जास्त, लगेच कळतं. दिराच्या वहीत ऑक्टोबरअखेर एका खात्यात शून्य आणि दुसऱ्यात चढत जाणारी रक्कम दिसली असती.

रिफंड आला तर माझ्याकडे तो उत्पन्न म्हणून येत नाही. माझीच जमा परत आली, एवढंच.


इतवारी | २८ डिसेंबर

अंबाझरी साहेब, पद्धत पक्की आहे. आमच्या दुकानात आजोबांपासून रोजमेळ आणि खतावणी याच तत्त्वावर आहे, नावे आणि जमा. पण घरी बायकोला आणि मला दोघांनाही लिहायचं असतं आणि ग्नूकॅशची फाइल एका वेळी एकालाच उघडता येते. मोबाईलवर तर त्याचा उपयोगच नाही. भाजी घेताना कोण संगणक उघडतो? म्हणून आम्ही गूगल शीट ठेवली आहे. एका पानावर रोजचा खर्च, दुसऱ्या पानावर पगार आणि कर. दोघं आपापल्या फोनवरून भरतो.

शीटचा तोटा असा की कोणी मधली एक ओळ खोडली तर बेरीज गुपचूप बदलते. दुहेरी नोंदीत ती चूक लगेच ओरडते, शीटमध्ये नाही. म्हणून महिनाअखेर बँकेच्या शिलकेशी ताळा करायचाच.


झिरो_माईल | २८ डिसेंबर

टीडीएस मालमत्तेत लिहिण्याची युक्ती मला फार पटली. आजवर मी तो खर्चातच धरत होते आणि त्यामुळे जूनमध्ये आलेला रिफंड कुठे लिहायचा हा प्रश्न दर वर्षी पडायचा.

रोजच्या भाजीपाल्यासाठी शीट आणि महिन्यातून एकदा पगार, हप्ते, गुंतवणूक यांच्यासाठी ग्नूकॅश, असं दोन्ही चालेल का?


अंबाझरी | २८ डिसेंबर

उत्तम चालेल. महिन्याचा घरखर्च एकाच रकमेनं ग्नूकॅशमध्ये घ्या. किलोभर वांग्यांची नोंद तिथं नको. फाइलची एक प्रत दर महिन्याला पेन ड्राइव्हवर काढून ठेवा, एवढं विसरू नका.


गोरेवाडा_९२ | २९ डिसेंबर

एवढं सगळं कायले? मी तर मेसेज वाचून आपोआप खर्च लिहिणारं ॲप ठेवलं आहे. एक बोट लावायची गरज नाही. आणि कर जास्त कापला तर कापू द्या ना, जुलैत रिटर्न भरला की एकरकमी पैसे येतात. तीच माझी दिवाळीची खरेदी.


बर्डीवरचा_सीए | २९ डिसेंबर

गोरेवाडा भाऊ, रिफंडवर सरकार कलम २४४ए प्रमाणे महिन्याला अर्धा टक्का व्याज देतं, तेही करपात्र. आणि रिफंड एकूण कराच्या १० टक्क्यांपेक्षा कमी असेल तर व्याजच नाही. ज्याच्या अंगावर क्रेडिट कार्डाची बाकी आहे किंवा घराचा हप्ता आहे त्यानं जास्तीचा कर कापू देणं म्हणजे इकडे व्याज भरायचं आणि तिकडे पैसा थांबवायचा.

तरीही एक सांगतो. हातात आला की खर्च होतो अशी ज्यांची स्थिती आहे, त्यांच्या बाबतीत मी फार वाद घालत नाही. त्यांनी निदान पगाराच्या दिवशीच आवर्ती ठेव किंवा एसआयपी कापून जाईल असं करावं, म्हणजे तीच शिस्त व्याजासकट मिळेल.


तेलंगखेडी | २९ डिसेंबर

मेसेज वाचणाऱ्या ॲपबद्दल काळजीनं लिहिते आहे. त्याच मेसेजांत ओटीपी येतात, डॉक्टरांच्या वेळा येतात, सगळं येतं. परवानगी देताना आपण पूर्ण पेटी उघडून देतो. शिवाय अशा ॲपला पगाराचा मेसेज दिसतो तो कापून आलेल्या रकमेचा, टीडीएस त्याला कधीच दिसत नाही. म्हणजे ताईंनी जो प्रश्न विचारला आहे त्याचं उत्तर त्या ॲपकडे असूच शकत नाही.

एकत्र माहिती हवीच असेल तर रिझर्व्ह बँकेच्या परवानगीनं चालणारी अकाउंट ॲग्रिगेटरची सोय आहे. कोणती माहिती, कशासाठी आणि किती दिवस, हे संमतीत लिहिलेलं असतं, आणि संमती मागे घेता येते. मधला ॲग्रिगेटर ती माहिती स्वतः वाचू शकत नाही, ती कुलूपबंद जाते. पण ज्याला ती मिळते तो पुढे काय करतो, हे संमती देताना नीट वाचायचं.

आणि कृपा करून आयकर पोर्टलचा पासवर्ड कोणत्याही ॲपला किंवा 'पाचशे रुपयांत रिटर्न भरून देतो' म्हणणाऱ्याला देऊ नका. कमिशन घेऊन खोट्या वजावटी टाकून रिफंड काढून देणारे असतात, नोटीस मात्र तुमच्या पॅनवर येते.


प्रतापनगरचे_काका | २९ डिसेंबर

मी राज्य शासनातून निवृत्त आहे. नोकरीत असताना सगळं सेवार्थ प्रणालीतून व्हायचं, आहरण व संवितरण अधिकारी कर कापायचे, आम्हाला विचार करावा लागत नसे. निवृत्तीनंतर सगळं विखुरलं. पेन्शन एकीकडून, ज्येष्ठ नागरिक बचत योजना पोस्टात, ठेवी दोन बँकांत. पेन्शन वर्षाला ६,६०,०००, पोस्टातल्या ३० लाखांचं ८.२ टक्क्यांनी २,४६,०००, ठेवींचं ८०,०००. पोस्टानं व्याजातून कर कापला. मला कर लागतो का? आणि हे सगळं मुलाच्या कॉम्प्युटरशिवाय कसं लिहावं?


बर्डीवरचा_सीए | २९ डिसेंबर

काकाजी, नमस्कार. तुमची बेरीज ९,८६,०००. पेन्शनवरही नव्या प्रणालीत ७५,००० ची वजावट मिळते, उरले ९,११,०००. १२ लाखांच्या आत, म्हणजे कर शून्य. ज्येष्ठांसाठी एका संस्थेकडचं व्याज वर्षाला १ लाखाच्या वर गेलं की १० टक्के टीडीएस कापतात, म्हणून पोस्टानं कापला. पूर्ण वर्षाचा २४,६०० होतो. तो रिटर्न भरून परत मिळेल.

पुढच्या वेळी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फॉर्म १५एच, म्हणजे 'व्याजातून कर कापू नका' असं सांगणारा, द्या, पोस्टात आणि दोन्ही बँकांत वेगवेगळा. वर्षाचा अंदाजित कर शून्य असलेल्या ज्येष्ठांसाठीच तो आहे. दर वर्षी नव्यानं द्यावा लागतो, मागच्या वर्षीचा चालत नाही. नवा कायदा लागल्यावर फॉर्मचा क्रमांक वेगळा असेल तर खिडकीवर विचारा, सोय तीच आहे.

लिहिण्यासाठी साधी दोनशे पानी वही घ्या. डावीकडे तारीख आणि संस्था, मग पूर्ण व्याज, कापलेला कर, हातात आलेली रक्कम. चार रकाने. सॉफ्टवेअर तेच करतं.


प्रतापनगरचे_काका | ३० डिसेंबर

मनापासून आभार. वही आजच आणली.


काटोलचा_बागाईतदार | ३० डिसेंबर

मी शाळेत शिक्षक आहे आणि घरची संत्र्याची बाग आहे. कोणतंही ॲप उघडलं की दर महिन्याचं बजेट विचारते. आमच्याकडे अंबिया बहाराचा पैसा दिवाळीच्या मागेपुढे येतो, मृगाचा फेब्रुवारी-मार्चात. खर्च मात्र बारा महिने, फवारणी, मजुरी, विजेचं बिल. बजेट लाल होऊन राहते.

दुसरं असं, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही म्हणून मी ते हिशेबातच धरत नाही. बरोबर आहे ना?


बर्डीवरचा_सीए | ३० डिसेंबर

कर नाही हे बरोबर, पण धरायचं नाही हे बरोबर नाही. निव्वळ शेती उत्पन्न ५,००० च्या वर असेल आणि पगाराचं उत्पन्न मूळ सवलतीच्या मर्यादेवर जात असेल, तर दर ठरवण्यासाठी शेतीचं उत्पन्न पगारात मिळवून पाहतात. शेतीवर कर लागत नाही, पण पगार वरच्या टप्प्यात ढकलला जातो. शाळेनं कापलेला टीडीएस फक्त पगार पाहून असतो, म्हणून रिटर्न भरताना फरक निघतो. बागेचा खर्च पावत्यांसकट लिहून ठेवा, निव्वळ आकडा त्यातूनच निघेल.


अंबाझरी | ३० डिसेंबर

बागाईतदार भाऊ, बजेट महिन्याचं न करता बहाराचं करा. ग्नूकॅशमध्ये बजेटचा काळ आपल्याला ठरवता येतो, तिमाही किंवा सहामाही घ्या. बागेसाठी बँकेत खातंच वेगळं काढा. बहाराचा पैसा तिथं उतरवायचा आणि घरखर्चाला दर महिन्याला ठरलेली रक्कम घरच्या खात्यात वळवायची. घराच्या दृष्टीनं तोच तुमचा दुसरा पगार.

हीच युक्ती नागपूरकरांना उन्हाळ्यासाठी लागते. एप्रिल ते जून कूलर, एसी, विजेचं बिल, त्यातच शाळेची फी आणि वह्या-पुस्तकं. मी थंडीत दर महिन्याला थोडी रक्कम 'उन्हाळा' नावाच्या खात्यात सरकवतो.


रेघ_आणि_कोन | ३० डिसेंबर

मी वास्तुविशारद आहे, धरमपेठेत छोटं ऑफिस. माझं उलट आहे. बिल्डर आणि संस्था माझ्या प्रत्येक बिलातून १० टक्के कापतात. यंदा सगळे मिळून १८ लाखांची बिलं होतील, पैसे बँकेतूनच येतात. १,८०,००० कापले जाणार. ऑफिसचं भाडं द्यायला हात आखडतो आणि पैसा वर्षभर तिकडे.


बर्डीवरचा_सीए | ३१ डिसेंबर

तुमच्या व्यवसायाला ४४एडीए लागू आहे. त्यात जमा रकमेच्या निम्मे उत्पन्न धरून रिटर्न भरता येतं, म्हणजे ९ लाख. दुसरं उत्पन्न फारसं नसेल तर नव्या प्रणालीत कर शून्य. पूर्ण १,८०,००० परत यायला हवेत.

दर वर्षी हेच होत असेल तर कलम १९७ खाली कमी दरानं किंवा शून्य दरानं कपातीचा दाखला मागा. फॉर्म १३ ऑनलाइन भरायचा, टीडीएससाठीच्या ट्रेसेस या सरकारी साइटवरून. मागची रिटर्न आणि या वर्षाचा अंदाज लागतो. दाखला त्या त्या आर्थिक वर्षापुरता असतो, म्हणून एप्रिलमध्येच अर्ज करा. तुमच्यासारख्याला सॉफ्टवेअरचा खरा उपयोग इथं आहे. पक्षकारानुसार बिल, कापलेला कर आणि हातात आलेले पैसे असे रकाने तयार असतील तर अर्ज एका बैठकीत होतो.


मानेवाडा_बेसा | ३१ डिसेंबर

मी जुन्याच प्रणालीत आहे. भाड्यानं राहते, ८०सी ची गुंतवणूक पूर्ण, आईवडिलांचा आरोग्यविमा. इंटरनेटवरून उतरवलेल्या एका तयार शीटमध्ये घरभाड्याची सूट जास्त येते आणि ऑफिसच्या हिशेबात कमी. कोणाचं खरं?


तेलंगखेडी | ३१ डिसेंबर

शीटमध्ये पगाराच्या ५० टक्के हा आकडा भरलेला आहे का बघा. तो मुंबई, दिल्ली, कोलकाता आणि चेन्नईसाठी. नागपूरला मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या ४० टक्के. मिळालेला घरभाडे भत्ता, हे ४० टक्के, आणि भाडं वजा पगाराचे १० टक्के, या तिघांतली सर्वांत लहान रक्कम सूट म्हणून मिळते. तयार शीट घेतली की आतली सूत्रं एकदा वाचायचीच. आणि वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर असेल तर फॉर्म १२बीबी मध्ये घरमालकाचा पॅन लागतो, तो आत्ताच मागून ठेव.


बर्डीवरचा_सीए | ३१ डिसेंबर

जोडून सांगतो. एप्रिलमध्ये काही कळवलं नसेल तर कंपनी नव्या प्रणालीनंच कर कापते. धंद्याचं उत्पन्न नसलेल्या पगारदाराला रिटर्न भरताना, मुदतीच्या आत, दुसरी प्रणाली घेता येते. म्हणून दोन्ही प्रणालींचा कर वहीत शेजारी शेजारी काढून ठेवावा. आयकर पोर्टलवर लॉगिन न करताही गणकयंत्र आहे, त्याच्याशी आपला आकडा पडताळा.


मिहान_शिफ्ट | १ जानेवारी २०२६

नववर्षाच्या शुभेच्छा. माझा प्रश्न एफडीचा. दोन बँकांत ठेवी आहेत, दोन्हीकडे ४५,००० व्याज. कोणीच टीडीएस कापला नाही. म्हणजे करमुक्त ना?


झिरो_माईल | १ जानेवारी

नाही बाप्पा! ५०,००० ही बँकेनं कापायला सुरुवात करायची मर्यादा आहे, कराची नाही, आणि प्रत्येक बँक आपल्यापुरतंच पाहते. तुमचे ९०,००० उत्पन्नात येतातच. १५ टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर १३,५०० आणि उपकर मिळून १४,०४०. पगाराचा टीडीएस सोडून १०,००० च्या वर कर उरतो, म्हणजे आगाऊ कराचा नियम लागला. त्यापेक्षा सोपं, हे व्याज ऑफिसात कळवा, पगारातूनच कापून घेतील. एखाद्या बँकेनं थोडा टीडीएस कापला असेल तर तोही फॉर्म १२बीएए मध्ये कळवता येतो, ऑक्टोबर २०२४ पासून ही सोय झाली आहे.


खापरी_नाका | १ जानेवारी

माझा वेगळाच त्रास आहे. स्लिपवर दर महिन्याला टीडीएस दिसतो, पण २६एएस मध्ये, म्हणजे माझ्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या सरकारी उताऱ्यात, जुलै ते सप्टेंबरचा आलाच नाही. आधीच्या नोकरीतली कंपनी आहे, नाव लिहीत नाही. फोनच उचलत नाहीत.


बर्डीवरचा_सीए | १ जानेवारी

पगारातून कापलेल्या कराचं त्या तिमाहीचं २४क्यू विवरण कंपनीनं ३१ ऑक्टोबरपर्यंत भरायचं असतं, म्हणजे आतापर्यंत दिसायला हवं होतं. कंपनीनं भरलं नसेल किंवा तुमचा पॅन चुकीचा टाकला असेल. आधी लेखी मेल करा, फोनवर राहू नका. स्लिपा आणि पगार जमा झालेलं बँक स्टेटमेंट जपून ठेवा. कापलेला कर कंपनीनं सरकारात भरला नाही तर तो पुन्हा तुमच्याकडून थेट वसूल करता येत नाही, कलम २०५ आहे त्यासाठी. पण 'कापला होता' हे दाखवायला कागद तुमच्याकडे हवेत.

ज्यांना असा त्रास नाही त्यांनीही दर तिमाहीला २६एएस आणि एआयएस (आयकर खात्याकडची आपल्या उत्पन्नाची वार्षिक माहिती) उतरवून आपल्या वहीशी जुळवावं. ऑक्टोबर ते डिसेंबरचं विवरण ३१ जानेवारीपर्यंत येईल, म्हणजे फेब्रुवारीच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात बघा. आयकर अधिकारी घडवणारी राष्ट्रीय प्रत्यक्ष कर अकादमी आपल्याच गावात छिंदवाडा रोडवर आहे. नागपूरकरांना तरी २६एएस म्हणजे काय हे शाळेत शिकवलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.


झिरो_माईल | ३ जानेवारी

दिरानं १२बी दिला, पेरोलनं घेतला. जानेवारीपासून महिन्याला २६,२६० कापतील. त्यासाठी त्यानं गाडीचा विचार पावसाळ्यापर्यंत पुढे ढकलला आणि मार्चपर्यंतच्या घरखर्चाची यादी आम्ही दोघांनी बसून केली.

अंबाझरी सर, तुमच्या पद्धतीनं त्याच्या एप्रिलपासूनच्या स्लिपा चढवल्या. 'सरकारकडे जमा' शून्य आणि 'या वर्षाचा कर' ७८,७८० असं शेजारी पाहिल्यावर त्याला काही समजावून सांगावं लागलं नाही. मग उत्साहात माझ्या मागच्या वर्षीच्या स्लिपाही भरल्या. सगळे महिने जुळले, फक्त फेब्रुवारीत बँकेची शिल्लक १०० रुपयांनी कमी येते. तीनदा बेरीज केली.


अंबाझरी | ३ जानेवारी

व्यवसाय कर पाहा. महाराष्ट्रात महिन्याला २००, पण फेब्रुवारीत ३०० कापतात, म्हणजे वर्षाचे २,५०० पुरे होतात. साच्यात २०० ठरलेले असतील. फेब्रुवारीसाठी तेवढी नोंद हातानं बदला.


झिरो_माईल | ३ जानेवारी

बदलली. जुळलं.